गिझरचा प्लग काळा का पडतो?



पत्रिकेत आजचा विषय ‘व्होल्टेज, करंट आणि रोध’ असा छापलाय. तो वाचूनही आपण एवढ्या संख्येनं आलात, याचं मला मनापासून आश्चर्य वाटतं. यातली सूत्रं आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केली आणि परीक्षेचा पेपर देताना तिथंच ठेवून आलो. आज ती आपण न्हाणीघरातल्या गिझरला लावून बघू.

ज्यांच्या नावानं व्होल्टेज, करंट आणि रोध यांना जोडणारा नियम ओळखला जातो ते गेओर्ग ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत शिकवत असत. त्यांना अडचण होती ती बॅटरीची. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर तार जोडल्याबरोबर उतरू लागे. मग मोजायचं काय आणि ताडून बघायचं कशाशी? पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञांनी त्यांना एक युक्ती सुचवली. तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचे सांधे करायचे, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवायचा. तापमानांतला फरक हलत नाही, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. त्यावर ओहम यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडल्या आणि चुंबकाची सुई किती वळते ते टिपलं. १८२७ साली त्यांचं पुस्तक आलं. मायदेशात त्याचं थंडच स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं मात्र १८४१ मध्ये त्यांना कॉप्ली पदक दिलं. नियम एका ओळीचा आहे: व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध मिळतो. आणि व्होल्टेज व करंट यांचा गुणाकार केला की शक्ती, म्हणजे वॅट.

आता गिझर. त्याच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं लिहिलेलं असतं. २००० ला २३० नं भागा, करंट आला ८.७ अँपिअर. २३० ला ८.७ नं भागा, रोध आला साधारण २६.५ ओहम. पाटीवर दोनच आकडे होते. उरलेले दोन आपण घरबसल्या काढले.

संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरलं तर? कॉइल तीच, रोधही जवळजवळ तोच. करंट ६.८ वर येईल आणि शक्ती साधारण १,२२५ वॅट उरेल. व्होल्टेज एक पंचमांशाहून थोडंच जास्त घटलं, पण पाणी तापवायची ताकद जवळजवळ दोन पंचमांशांनी गेली. कारण व्होल्टेज घटलं की करंटही घटतो, आणि फटका दोन्हींकडून बसतो.

हाच हिशेब विहिरीवरच्या मोटरला मात्र लावू नका. गिझर कमी व्होल्टेजला निमूटपणे कमी करंट घेतो. मोटरवर पाणी उपसण्याचा भार तसाच असतो, त्यामुळे ती उलट जास्त करंट ओढते आणि तिची वाइंडिंग तापते. ‘होल्टेज नव्हतं म्हणून मोटर जळाली’ असं शेतकरी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला ते उफराटं वाटतं, पण शेतकऱ्याचं बरोबर असतं.

विद्यार्थ्यांना छळणारी गाठ पुढेच आहे. एक सूत्र म्हणतं, शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. म्हणजे रोध वाढला की उष्णता कमी. दुसरं म्हणतं, करंटचा वर्ग गुणिले रोध. म्हणजे रोध वाढला की उष्णता जास्त. खरं कोण? दोन्ही. काय कायम राहिलं ते आधी विचारायचं. गिझरला मिळणारं व्होल्टेज ठरलेलं आहे, तिथं पहिलं सूत्र सोयीचं. पण गिझरकडे जाणारी वायर आणि प्लग यांच्यातून किती करंट जायचा ते मुख्यतः गिझर ठरवतो. तिथं दुसरं सूत्र वापरायचं. ते जूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलं. जूल यांचं घराणं बिअर गाळणाऱ्यांचं. विज्ञान त्यांनी त्या धंद्याच्या शेजारी बसून केलं.

समजा, प्लगची पिन सॉकेटमध्ये सैल बसली आणि तिथं अर्धा ओहम रोध तयार झाला. करंट ८.५ अँपिअर धरा. त्याचा वर्ग सुमारे ७२, त्याच्या निम्मे ३६ वॅट. दीड चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या वायरचा, जाऊन-येऊन चाळीस मीटरचा, रोधही जवळपास एवढाच असतो. पण तिथं ही उष्णता चाळीस मीटरवर पसरते. मीटरमागे एक वॅटही येत नाही, हाताला फार तर वायर कोमट लागते. सैल पिनेत ते सगळे वॅट ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडतात. रेडिओ दुरुस्त करणारा पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं शिसं वितळवतो, हे लक्षात घ्या.

आणि एमसीबी? तो पडत नाही. त्याला फक्त करंट कळतो, आणि सैल सांध्यामुळे करंट वाढलेला नसतो, उलट किंचित कमीच झालेला असतो. ‘एमसीबी आहे ना, मग काय भीती?’ हा आपल्याकडचा लाडका भ्रम आहे. तो शॉर्टसर्किट आणि जादा भार यांच्यावर नजर ठेवतो; सैल स्क्रू त्याच्या अधिकारात येत नाही.

तेव्हा घरी गेल्यावर गिझरचं बटण बंद करा आणि प्लग काढून बघा. पिना काळवंडल्या असतील किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर सँडपेपर घासून काम भागवू नका. वायरमनला बोलवून १६ अँपिअरचं नवं सॉकेट आणि नवा प्लग, दोन्ही एकदम बसवून घ्या.