सैनिकाचे मत, घरच्याचे बोट
(व्याख्यानाचा संपादित भाग)



सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या निवडणुकीत दुसऱ्याच्या वतीने मत देता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०चे २७ वे कलम सांगते की, मताचा अधिकार सभासदाने जातीने बजावला पाहिजे. जिन्याची रंगरंगोटी आणि पाण्याची टाकी यांपुरता कारभार असलेल्या संस्थेत इतकी कडक शिस्त आहे; मग देशाचा कारभार कोणी करावा हे ठरविणाऱ्या मतदानात ती असणार, हे उघड आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ५९ वे कलम प्रॉक्सीने दिलेले मत स्वीकारले जाणार नाही असेच सांगते. परंतु त्या वाक्याला एक छोटी पुस्ती जोडलेली आहे: या कायद्यात स्पष्ट तरतूद असेल तेवढे सोडून. ही पुस्ती २००३ साली आली आणि ती सैनिकासाठी आली.

तिची गरज का भासली, हे समजण्यासाठी टपालाचा हिशेब मांडावा लागतो. सैनिकाला टपालाने मत देण्याची सोय होतीच. परंतु उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपेपर्यंत उमेदवारांची अंतिम यादी होत नाही आणि यादी झाल्यावाचून मतपत्रिका छापता येत नाही. माघार आणि मतदान यांच्यामध्ये पूर्वी किमान २० दिवस ठेवावे लागत. १९९६च्या दुरुस्तीने ते १४ वर आले. प्रचाराचा गोंगाट आणि उमेदवारांचा खर्च आटोक्यात यावा म्हणून हा बदल स्वागतार्हच होता. त्याची झळ मात्र बर्फातल्या चौकीवर उभ्या असलेल्या जवानाला बसली. मतपत्रिका जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणार, लष्करी टपालातून युनिटपर्यंत आणि तेथून चौकीवर पोहोचणार, मग तोच मार्ग उलट दिशेने कापणार आणि हे सारे मतमोजणीला प्रारंभ होण्यापूर्वी! वेळ टळल्यावर आलेले मत मोजले जात नाही. ज्याने देशाची सीमा राखली त्याचे मत टपालाच्या थैलीत पडून राहावे, यातील विसंगती २००३ साली कायदेमंडळाने दूर केली.

सैन्यदलांतील, तसेच सैन्य कायद्याच्या तरतुदी ज्यांना लागू आहेत अशा दलांतील सेवा मतदाराला आपला प्रतिनिधी नेमता येतो. प्रतिनिधी त्या मतदारसंघातील नेहमीचा रहिवासी, वयाने किमान १८ वर्षांचा असावा आणि मतदार म्हणून नोंदणीला अपात्र नसावा. त्याचे स्वतःचे नाव यादीत असलेच पाहिजे असे नाही. जवान कर्तव्यावर असेल तर १३-एफ या नमुन्यावर आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर सही करतो. गावी असेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरीसमोर. अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जातो आणि मतदार यादीत त्या जवानाच्या नावापुढे 'सीएसव्ही' म्हणजे वर्गीकृत सेवा मतदार अशी खूण पडते. त्यानंतर त्याला टपाली मतपत्रिका मिळत नाही. मतदानाच्या दिवशी प्रतिनिधी केंद्रावर जातो, यंत्राचे बटण दाबतो आणि त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते. तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी राहते. सातारा किंवा कोल्हापूरच्या एखाद्या गावात मतदानाच्या संध्याकाळी दोन बोटांना शाई लागलेली स्त्री दिसली, तर तिने गैरप्रकार केला असे समजण्याचे कारण नाही. तिचा नवरा सीमेवर असू शकतो.

येथपर्यंतचे सारे नियमांच्या पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेला भाग येथून सुरू होतो.

१३-एफ या नमुन्यात मत कोणी द्यावे हे लिहायचे असते. कोणाला द्यावे हे लिहिण्याची जागाच नाही. नेमणूक एकदा झाली की जवान सेवा मतदार असेपर्यंत किंवा तो ती रद्द करीपर्यंत चालते. म्हणजे आज सही करणाऱ्याला पुढल्या निवडणुकीत कोण उभे राहणार हे ठाऊक असण्याचा संभवच नाही. मतदानाच्या आदल्या रात्री दूरध्वनी लागला तर तो आपली इच्छा घरी सांगेल. न लागला तर? वडील थोरल्या मुलाचे मत काय असते हे वर्षानुवर्षे ऐकत आले असतील आणि त्यांचे स्वतःचे मत नेमके विरुद्ध असेल. एकाच सकाळी, एकाच पडद्याआड, त्यांनी एक बटण मुलासाठी आणि दुसरे स्वतःसाठी दाबायचे. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही फक्त त्यांनाच. मुलाला ती कधीच दिसणार नाही. वडिलांनी दोन्ही वेळा आपल्याच पसंतीचे बटण दाबले, तर ते ना पंचनाम्यात येणार, ना न्यायालयात सिद्ध होणार. गुप्त मतदान हे मतदाराचे कवच आहे. येथे ते कवच प्रतिनिधीचे होते आणि खुद्द मतदार त्याच्या बाहेर उभा राहतो. एका माणसाला एक मत, हे लोकशाहीचे मूलभूत गणित अशा घरात केवळ त्या वडिलांच्या सचोटीवर टिकून असते.

कायद्याने ही जोखीम पत्करली ती शेतीवाडी, घरदार आणि मुलेबाळे ज्यांच्या हाती सोपवून जवान जातो त्यांच्याच हाती मत सोपवायचे म्हणून. नातेच येथे साक्षीदार. मात्र घरच्यांनी आपण मुखत्यार आहोत, मालक नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अनेक घरांत मत हे कुटुंबाचे समजले जाते. कर्ता पुरुष सांगेल तिकडे चार मते जातात. त्या सवयीने जवानाचे पाचवे मतही ओढले गेले, तर २००३ची तरतूद कागदावरच राहिली.

दरम्यान तंत्रज्ञानाने दुसरी वाट काढली. २०१६च्या नियमदुरुस्तीनंतर सेवा मतदाराला मतपत्रिका संगणकीय मार्गाने जाते. तो ती छापून घेतो, खूण करतो आणि टपालाने परत धाडतो. जाण्याचा प्रवास वाचला, येण्याचा उरला. ज्याला हे जमण्यासारखे आहे त्याने स्वतः मत द्यावे, हेच श्रेयस्कर. ज्याच्या ठाण्यावरून टपाल वेळेत निघण्याची शाश्वती नाही, त्याला प्रॉक्सीवाचून गत्यंतर नाही.

हीच सवलत परदेशस्थ भारतीयांना द्यावी, असे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८मध्ये संमत केले. राज्यसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१९ साली लोकसभा विसर्जित होताच बारगळले. आजही आखातातील वा अमेरिकेतील मराठी माणसाला पारपत्र घेऊन आपल्या गावच्या केंद्रावरच यावे लागते. त्यांची आस्था खरी आहे, पण युनिटमध्ये अधिकाऱ्यासमोर होणारी सही आणि हजारो मैलांवरून आलेले मुखत्यारपत्र यांत अंतर आहे. मते गोळा करणारे दलाल त्या अंतरातच उभे राहतील. ब्रिटनमध्ये प्रॉक्सीची प्रथा शतकापूर्वीची, तरीही २०२२च्या कायद्याने एका व्यक्तीने किती जणांच्या वतीने मत द्यावे यावर तेथे मर्यादा घालावी लागली. शिवाय ऊसतोडीसाठी बीडहून पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात गेलेल्या मजुराला ना टपाल आहे, ना प्रॉक्सी. नोव्हेंबर २०२४ची विधानसभा निवडणूक ऐन गळिताच्या तोंडावर आली होती. सवलतीचा परीघ वाढवायचाच असेल, तर विचार विमानतळापासून सुरू व्हावा की बैलगाडीपासून?

ज्यांच्या घरचा मुलगा सैन्यात आहे त्यांनी मतदार यादीचा सेवा मतदारांसाठीचा अखेरचा भाग एकदा उघडून पाहावा. मुलाच्या नावापुढे 'सीएसव्ही' असेल, तर प्रतिनिधी म्हणून कोणाचे नाव दिले आहे आणि ती व्यक्ती अद्याप त्या मतदारसंघात राहते का, याची खातरजमा करावी. ती हयात नसेल तर नवी नेमणूक करता येते. मन बदलले असेल तर १३-जी नमुन्यावर जुनी रद्द करता येते. आणि मुलगा सुट्टीवर आला की, निवडणूक दूर असली तरी, त्याला विचारून ठेवावे.