झाडीपट्टीचा रंगमंच, एलईडी दिवे आणि छायाचित्राचा क्षण



वैनगंगेकाठची पवनी ज्या झाडीपट्टीत येते, तेथे दिवाळीनंतरच्या मंडई या जत्रेपासून नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि एकेक प्रयोग पहाटेपर्यंत चालतो; त्यामुळे त्या प्रयोगाचे जे छायाचित्र मागे उरते ते सर्वस्वी रंगमंचावरील दिव्यांच्या स्वाधीन असते. हॅलोजनचे दिवे होते तोवर ही गोष्ट कोणाला जाचली नाही, कारण 50 हर्ट्‌झच्या विजेवर दिव्याचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा किंचित कमीजास्त होत असला, तरी तापलेली तार मधल्या वेळात विझत नसे. एलईडीला तापलेली तार नाही. तो क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो, आणि आजच्या अडचणीचे मूळ तेथेच आहे.

हे दिवे ज्या पद्धतीने कन्सोलवरून, म्हणजे प्रकाश-नियंत्रण फलकावरून, चालवले जातात तिला डीएमएक्स 512 म्हणतात. अमेरिकेतील रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने 1986 मध्ये ती ठरवली, ती नाट्यगृहातील डिमरांसाठी; कॅमेऱ्याचा विचार त्यात नव्हता. एका तारेवरून 512 वाहिन्यांचे आकडे एकामागून एक जातात, प्रत्येक आकडा 0 ते 255 यांच्या दरम्यान असतो आणि त्याला 44 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 44 दशलक्षांश भाग, लागतात. आरंभीचा एक संकेत धरून 513 आकडे आणि त्यांच्या आधीचा छोटा विराम मिळून एक फेरी सुमारे 22.7 मिलिसेकंदांची होते; म्हणजेच सर्व वाहिन्या वापरल्यास कोणत्याही दिव्याला नवा हुकूम सेकंदाला फार तर 44 वेळा मिळतो. कन्सोलचे बटण फेरीच्या कोणत्या टप्प्यावर दाबले गेले यावर विलंब ठरतो आणि तो दर वेळी वेगळा येतो, म्हणून 1/250 सेकंदाच्या, म्हणजे 4 मिलिसेकंदांच्या, शटरशी कन्सोलचा हुकूम अचूक जुळवता येत नाही.

कन्सोलवरून दिवा एका फेरीपुरता पेटवून फ्लॅशचे काम काढावे, ही कल्पना याच कारणाने फसते. दंडारीतील नर्तकाचा हात सेकंदाला 2 मीटर वेगाने फिरत असेल, तर 22.7 मिलिसेकंदांत तो साडेचार सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात बोटांऐवजी धुरकट पट्टा उमटतो. 1/1000 सेकंद चमकणाऱ्या खऱ्या फ्लॅशमध्ये तोच हात जेमतेम 2 मिलिमीटर हलतो. वाहिन्या कमी पाठवल्या तर फेरी आखूड होते हे खरे, परंतु पुष्कळ कन्सोल गरज नसतानाही पूर्ण 512 पाठवत राहतात.

दुसरी मर्यादा दिव्याच्या पोटात असते आणि तीच अधिक त्रासदायक आहे. एलईडी मंद करताना बहुधा त्याची वीज कमी न करता तो वेगाने चालू-बंद केला जातो. हा वेग सेकंदाला 1000 वेळा असेल आणि दिवा 10 टक्क्यांवर असेल, तर प्रत्येक मिलिसेकंदात तो केवळ दशांश मिलिसेकंद पेटलेला असतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर चित्राच्या ओळी एकामागून एक वाचते. त्या वाचनाला 20 मिलिसेकंद लागत असतील आणि शटर फार जलद असेल, तर चित्रावर सुमारे 20 आडवे पट्टे पडतात. लाल, हिरवा आणि निळा हे रंग स्वतंत्रपणे मंद होत असल्याने, लाल व हिरवा पूर्ण आणि निळा अर्धा असेल, तर पट्टे फक्त निळ्याचे उमटतात. नायिकेच्या पांढऱ्या लुगड्यावर पिवळ्या-निळसर रेघा दिसतात आणि छायाचित्रकार दोष देतो तो कॅमेऱ्याला.

उपाय महागडे नाहीत. ज्या दिव्यांत चालू-बंदचा वेग बदलण्याची सोय आहे तेथे तो सर्वांत वरचा ठेवावा; जेथे नाही तेथे दिवा जवळजवळ पूर्ण ठेवून तो दूर सरकवावा किंवा त्यापुढे पांढरा कागद लावावा. शटर 1/60 ते 1/125 च्या दरम्यान आणि शक्यतो यांत्रिक ठेवावे, आणि जो क्षण गोठवायचा आहे त्यासाठी कन्सोलवर विसंबू नये.

लाइटवाला आणि छायाचित्रकार यांची ओळख बहुधा प्रयोग संपल्यावर होते. ती पडदा उघडण्यापूर्वी व्हावी, आणि प्रत्येक रंग अर्ध्यावर आणून दोन-चार चाचणी छायाचित्रे दोघांनी मिळून पाहावीत, एवढी विनंती या व्यासपीठावरून दोघांनाही आहे.