साताऱ्याबद्दल कुणी विचारलं तर

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठचा. सांगलीत इंजिनिअर झालो, नोकरीसाठी इंग्लंडला गेलो आणि तिथेच संसार झाला. पाणीपुरवठ्याची कामं करतो. इतिहास हा माझा विषय नव्हे. तरी आज बोलणार आहे ते इतिहासावर, कारण परदेशात राहणाऱ्याला तो चुकवता येत नाही. गावात होतो तोवर माझ्या जिल्ह्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, किंवा तसं गृहीत धरलेलं असतं. बाहेर पडल्यावर विचारणारे भेटू लागले.

एकदा जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने विचारलं. माणूस सज्जन, वाचनाची आवड असलेला. त्याच्या नात्यातले कुणी एकेकाळी मुंबई इलाख्यात पोलीस अधिकारी होते आणि त्यांच्या आठवणी घरात सांगितल्या जात. तो म्हणाला, "तुमच्या भागात म्हणे माणसांच्या पायांना घोड्यासारखे नाल ठोकायचे?" विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, कुतूहल होतं. पण माझा घास घशातच राहिला. तो ज्यांच्याबद्दल बोलत होता त्यांत माझे आबा होते. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या तुफान सेनेच्या पोरांसाठी रात्री भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन शाळूच्या रानातून वाट काढणारे माझे आबा.

मला राग आला. तो राग योग्य होता असं मी आजही मानतो. त्या प्रश्नात शिक्षा तेवढी होती, तिच्या आधीचं काहीच नव्हतं. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वडगावचे परशुराम घार्गे झेंड्यासह कोसळले, हे त्यात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या गोळीबारात किर्लोस्करवाडीचे तरुण इंजिनिअर उमाशंकर पंड्या गेले, हेही नव्हतं. त्यानंतर गावोगावी काय परिस्थिती होती? कार्यकर्ते भूमिगत, पोलीस त्यांच्या मागावर, आणि तेवढ्यात दरोडेखोरांचं फावलेलं. सावकाराच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेली जमीन तर होतीच. त्यातून 1943 मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाने प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. 1949 मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून ही गोष्ट आपल्या दोन्ही जिल्ह्यांची आहे. प्रतिसरकारने गावात न्याय दिला, दारू बंद केली, हुंडा आणि जेवणावळी टाळून गांधी विवाह लावले, गुंडांना आवर घातला. बायाबापड्यांना वेशीबाहेर निर्धास्त फिरता यावं यासाठी काय करावं लागतं, ते त्या पोरांना ठाऊक होतं.

आणि शिक्षा होती. पाय बांधून तळव्यांवर काठ्या बसत, माणूस कित्येक दिवस उभा राहू शकत नसे. नाल ठोकल्याची कथा त्याहून मोठी होऊन पसरली आणि तिचा धाक चळवळीच्या कामी आला. काही जणांचा जीवही गेला. हे मी आबांच्या तोंडून ऐकलेलं आहे. सांगताना त्यांनी कधी फुशारकी मारली नाही आणि कधी लपवलंही नाही.

पुढे मी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद वाचायला जाऊ लागलो. तिथे शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत, टिपणं पेन्सिलीनेच घ्यायची. जुनी फाईल टेबलावर येते ती सुती फितीने बांधलेली. फीत सोडताना आपण कुणाचं तरी बंद पाकीट उघडतोय असं वाटतं. साहेबाच्या टाइप केलेल्या अहवालात आपली माणसं 'गुंड' आणि 'दरोडेखोर' म्हणून येतात. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या पोरांनी रेल्वेगाडी अडवून रक्कम नेली, तो अहवालाच्या लेखी दरोडा. प्रतिसरकारातली कुंडलची माणसं मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली की लोकांचा पैसा लोकांकडे परत आणला. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड नव्वदी ओलांडल्यावरही हे ठासून सांगत. ते त्या अहवालात नाही आणि असण्याची शक्यताही नव्हती. लिहिणाऱ्याने कुंडलात कुणाच्या ओसरीवर बसून विचारलंच नव्हतं.

परक्याने आपल्याबद्दल बरोबर सांगावं यासाठी तळमळणारा मी पहिला सातारकर नव्हे. रंगो बापूजी गुप्ते आठवा. 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कटाचे आरोप ठेवून त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत साताऱ्याची चर्चा व्हायची. ज्यांनी सातारा पाहिलाही नव्हता ते महाराजांच्या चारित्र्यावर बोलायचे, आणि हा माणूस ते ऐकून घ्यायचा. मग कागद छापायचा, वाटायचा, उत्तर द्यायचा. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखे इंग्रज त्याने आपल्या बाजूला वळवले. 1847 मध्ये महाराज काशीत वारले. 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा झालं. तरी रंगो बापूजी आणखी पाच वर्षं तिथे झगडत राहिले. कर्ज झालं, यश आलं नाही. 1853 मध्ये परतले. पुढे 1857 मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव उघड झाली, ते निसटले ते कायमचे, आणि 8 सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आलं, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता.

लंडनच्या थंडीत ट्रेनची वाट बघताना मला या माणसाची आठवण येते. माझ्याकडे विमानाचं तिकीट असतं, घरी रोज फोन होतो. त्यांच्याकडे काय होतं? आपल्या गावाबद्दल चुकीचं बोललेलं ऐकायचं आणि तरी उठून निघून जायचं नाही, एवढंच होतं.

आता तुमच्या वयाच्या एका मुलाबद्दल सांगतो. पण आधी त्याने तपासलेल्या ग्रंथाबद्दल. जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटिश अधिकारी 1818 ते 1822 साताऱ्यात कंपनीचा प्रतिनिधी होता. इथले कागद जमवून त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो 1826 मध्ये लंडनला छापला गेला. मेहनत मोठी, पण प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला तो त्याने विश्वासघाताच्या रंगात रंगवला. लवकरच त्याचं मराठी भाषांतरही झालं आणि आपल्याच शाळांत मुलं आपला इतिहास त्याच्या नजरेने शिकू लागली. 1867 च्या सुमारास पुण्यात कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्या ग्रंथाची जाहीर तपासणी केली. तेव्हा ते तेविशीतले. त्यांनी डफला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्या कष्टांना मान दिला आणि मग कुठे पुरावा कमी पडला, काय पाहायचं राहून गेलं, ते मुद्द्याने मांडलं. पुढे मिरजेच्या शाळेतले मास्तर वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांच्या दप्तरातून एकेक पत्र उतरवून छापू लागले. इतिहाससंशोधक राजवाड्यांना वाईच्या एका वाड्यात कागद सापडले, त्यांतून 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला. साताऱ्यात संशोधक पारसनीसांनी जुन्या कागदांचा संग्रह उभा केला. डफला दिलेलं खरं उत्तर हे आहे. सभेतल्या घोषणांपेक्षा ते कितीतरी जास्त टिकलं.

इथवर मी सांगितलं ते आपल्याला ऐकायला आवडणारं आहे. पुढचं अवघड आहे.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं आहे. तिथल्या गणेशोत्सवात एका गृहस्थांशी ओळख झाली. गाव विचारलं तर म्हणाले, "आम्ही पण वाळव्याचेच. होतो." त्या 'होतो'वर मी थबकलो. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण, म्हणून आपल्या भागात गावोगावच्या ब्राह्मणांच्या घरांना आगी लावल्या गेल्या. शेकडो घरं जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओसुद्धा वाचला नाही. या गृहस्थांची आज्जी चार लेकरं घेऊन परड्याच्या दारातून बाहेर पडली. शेजारच्या मराठ्याच्या घरातल्या थोरल्या बाईने त्यांना बैलगाडीत बसवलं, वरून कडबा टाकला आणि नवऱ्याला म्हणाली, "ताकारीपातुर सोडून या, मधी कुणी इचारलं तर वैरण हाय म्हणा." ताकारी स्टेशनवर पहाटेची गाडी मिळाली. मग पुणं, मग मुंबई, पुढच्या पिढीत लंडन. घर परत बांधलं गेलं नाही. आज्जीने जाताना एक तांब्याचं घंगाळ कसं कोण जाणे बरोबर घेतलं होतं. ते त्यांच्या लंडनच्या घरात आहे, मी पाहिलंय. एका अंगाला काळं पडलंय, आणि त्यांनी ते कधी चिंचेने घासलेलं नाही.

माझ्या आबांच्या गोष्टींत 42 होतं, 43 होतं, 46 पर्यंतचं सगळं होतं. 48 नव्हतं. त्यांनी आग लावली नव्हती, मला खात्री आहे. पण ते बोललेही नाहीत आणि मीही विचारलं नाही. कारण विचारायची रीतच नव्हती. माझ्या मित्राच्या घरी उलटं. तिथे फक्त 48 होतं. वडूज नव्हतं, सावकाराची वही नव्हती, कुळांनी 1919 ते 1921 मध्ये सत्यशोधकांच्या मागे उभं राहून केलेला उठाव नव्हता. आम्ही दोघं एकाच तालुक्याचे, आणि एकमेकांचा इतिहास परदेशात एका हॉलमध्ये, मोदकांच्या ताटल्या हातात घेऊन पहिल्यांदा ऐकत होतो.

1948 वर बारकाईने लिहिणाऱ्या अभ्यासक कोण? मॉरीन पॅटरसन, अमेरिकेच्या. त्यांचा निबंध 1988 चा, इंग्रजीत. पोलिसांच्या फायली त्यांना पाहायला मिळाल्या नव्हत्या, तरी त्यांनी माणसांना भेटून लिहिलं. मराठीत आटपाडीकडच्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 1964 मध्ये 'वावटळ' ही कादंबरी लिहिली, तिला मी मोठं धैर्य समजतो. पण गावागावातलं, कुणाचं घर, कुणी लावलं, कुणी विझवलं, हे आपण लिहून ठेवलं नाही. परक्याने ते लिहिलं की मात्र आपल्याला झोंबतं. मला त्या निबंधाने वेदना झाली ती त्यातल्या मजकुराने कमी, आणि तो आपल्यापैकी कुणी आपल्या भाषेत लिहिला नव्हता याने जास्त.

बाहेरचा कोण, हेही मला आता पूर्वीइतकं सोपं वाटत नाही. गेल ऑम्व्हेट अमेरिकेत मिनेसोटात जन्मल्या. सत्यशोधक चळवळीचा आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारचा अभ्यास करता करता कासेगावच्या झाल्या. सासरी, पाटणकरांच्या घरात राहिल्या, मोर्च्यांत चालल्या, 2021 मध्ये कासेगावातच गेल्या. मी कासेगावापासून काही मैलांवर जन्मलो आणि आज माझा पत्ता लंडनचा आहे. आमच्या दोघांत परकं कोण?

त्या सहकाऱ्याशी मी नंतर पुन्हा बोललो. आधी वडूज आणि इस्लामपूर सांगितलं, मग तळव्यांवरच्या काठ्या, आणि मग त्याने न विचारलेलं 1948 सुद्धा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या घरात वडूजचं नाव कधीच निघालं नाही." 48 सांगितलं म्हणून माझ्या आबांची किंमत त्याच्या नजरेत कमी झाली नाही. माझं 42 त्याने खरं मानलं ते 48 ऐकल्यावर. स्वतःच्या अडचणीचं बोलणाऱ्या माणसावर ऐकणारा विश्वास ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

तुम्ही आता पुण्याला जाल, बंगळुरूला, कुणी जर्मनीला. तिथेही विचारलं जाईल. पुण्याच्या हॉस्टेलवर आडनाव ऐकूनच विचारतील. तेव्हा मान खाली घालू नका आणि अंगावरही धावून जाऊ नका. पण त्याआधी इथलं एक काम आहे, राहिलेल्या आठवणी जमवून ठेवण्याचं, आणि ते जायच्या आधीच होऊ शकतं. प्रतिसरकारात लढलेले नागनाथअण्णा 2012 मध्ये गेले, जी. डी. बापू त्याच्या आदल्या वर्षी. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर भांडणाचं नाटक करून पोलिसांना गुंतवून ठेवणाऱ्या हौसाताई 2021 मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ 2022 मध्ये. पत्रकार पी. साईनाथ चेन्नईचे, पण वेळेवर येऊन त्यांच्याशी बोलले म्हणून निदान तेवढं राहिलं. आता माणसं नाहीत. त्यांच्या सुना आहेत, नातवंडं आहेत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या आहेत.

माझ्या त्या मित्राच्या आणि माझ्या घराने मिळून तुमच्या ग्रंथालयाला एक स्कॅनर आणि बोलणं ध्वनिमुद्रित करायचं साहित्य दिलं आहे. प्राचार्यांनी दर शनिवारी दुपारी ग्रंथालयाची मागची खोली त्यासाठी उघडी ठेवायचं मान्य केलं आहे. तुरुंगातून आलेलं पत्र असो, तुफान सेनेची पावती असो, नाहीतर घर जळाल्याचा अर्ज, सगळं आणा. कागद त्याच दिवशी घरी परत जाईल. कुणाच्या आज्जीला बोलायचं असेल पण नाव नको असेल, तर नावाशिवाय नोंद होईल. ताकारीपर्यंत गाडी हाकणाऱ्याच्या घरातलं कुणी आलं तर मला कळवा, माझ्या मित्राला त्यांना भेटायचं आहे.

सुरुवात येत्या शनिवारी आहे.