सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

'सार्वजनिक' हा शब्द आपण दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक उत्सव, सार्वजनिक पाणवठा, सार्वजनिक सभा. या शब्दात 'सर्व' आहेत आणि 'जन'ही आहेत. त्यामुळे एखाद्या संस्थेच्या पाटीवर तो रंगवला की सर्व जनांना तेथे प्रवेश मिळालाच, असे आपण मनोमन धरून चालतो. परंतु पाटी आणि प्रवेश यांत केवढे अंतर असू शकते, हे पाहायचे असेल तर कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाडच्या चवदार तळ्याची हकीकत पुन्हा एकदा वाचावी.

या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहस्रावधी बांधवांसह पाणी प्राशन केले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसाच्या मागेपुढे नगरपालिकेच्या दप्तरात काय घडले, ते मात्र तितकेसे सांगितले जात नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य गणलेल्या लोकांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री विषय तेथेच संपला.

प्रत्यक्षात तीन वर्षे लोटली, तरी ज्यांच्यासाठी ठराव झाला होता त्यांना त्या पाण्याला हात लावता आला नाही. परधर्मीयांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो याच गावाची सेवा करणाऱ्यांना. आणि १९२७ साली ते ठरावाने दिलेला हक्क बजावण्यास गेले, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठरावच रद्द केला! तळे आपल्या वर्गाच्या खासगी मालकीचे आहे, असे सांगत काही स्पृश्य मंडळी त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयात गेली. तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १७ मार्च १९३७ रोजी संपला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत तेरा वर्षे गेली. आणि १८६८ साली पुण्यात महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला होता, हे आठवले म्हणजे मन चकित होते. गृहस्थाचा खासगी हौद खुला झाला आणि नगराचे सार्वजनिक तळे पुढे जवळजवळ सत्तर वर्षे भांडणात राहिले.

या हकीकतीतून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. महाडचा पहिला ठराव खोटा नव्हता, तो अपुरा होता. दार उघडल्याचे त्याने जाहीर केले. परंतु त्या दारातून पहिले पाऊल टाकणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहायचे, याविषयी तो मूक होता. ज्यांना बाहेर ठेवले होते, त्यांनीच सर्व धोका पत्करून आत यावे, अशी त्याची जणू अपेक्षा होती. मोकळीक देणे निराळे आणि येणाऱ्याची वाट निर्धोक करणे निराळे.

१९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास अडविता येणार नाही, हे तिच्या पंधराव्या अनुच्छेदाने सांगितले. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. आज कोणतीही संस्था अमक्यास प्रवेश नाही, असे लिहिण्यास धजणार नाही. पण उंबरठे लिहूनच उभारावे लागतात असे थोडेच आहे? सभासद होण्यास दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी, हा नियम वरवर सर्वांना सारखाच आहे. परंतु ज्याच्या वस्तीतून आजवर एकही सभासद झाला नाही, त्याने ती शिफारस आणावी कोणाकडून? सभा सायंकाळी सात वाजता भरते, ती सर्वांसाठीच. मात्र त्या वेळी चुलीपाशी कोण असते, हे सभा बोलावणाऱ्यांना ठाऊक असते. जिन्याच्या पायऱ्या साऱ्यांना सारख्याच. कुबड्या घेऊन येणाऱ्याला मात्र त्या सारख्या नसतात. सर्वांना एकच नियम लावणे ही समता खरी, पण न्याय व्हावयाचा तर तो नियम कोणाला कोठे बोचतो, हेही पाहावे लागते.

या दृष्टीने आपल्या ग्रामपंचायतींचा अनुभव बोधप्रद आहे. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. आरंभी पुष्कळ ठिकाणी निवडून आली पत्नी आणि खुर्चीवर बसला पती. ही तक्रार अजूनही पुरती मिटलेली नाही. तरीही, जागा मिळाली म्हणून बाई सभेत आली, आली म्हणून ऐकू लागली आणि ऐकता ऐकता एक दिवस बोलू लागली, असेही गावोगाव घडले. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पुरुषांच्या गर्दीत न निघणारा शब्द आधी आपल्यांत उच्चारून पाहता यावा, एवढीच ती सोय. पण अशा लहान सोयींनीच वाट निर्धोक होत असते.

श्रोतेहो, आपल्यापैकी कितीतरी जण इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा नगरांत राहतात. तेथे आपली मंडळे आहेत, वाचनालये आहेत, उत्सव आहेत. बहुसंख्यांच्या गावात अल्पसंख्य म्हणून वावरताना, आपली भाषा कानी पडताच मनाला केवढा धीर येतो, हे आपणांस सांगावयास नको. मग आपल्याच मंडळात, मराठी बोलणारा परंतु निराळ्या आळीतला, निराळ्या आडनावाचा, निराळ्या कमाईचा मनुष्य आला म्हणजे त्याला तो धीर मिळतो काय? सतरंज्या घालताना तो असतो. कार्यकारिणीच्या निवडणुकीत त्याचे नाव पुढे येते काय?

हे तपासण्यास मोठ्या चौकशीची आवश्यकता नाही. पुढल्या वार्षिक सभेपूर्वी आपल्या संस्थेची इतिवृत्ताची वही उघडावी. गेल्या काही वर्षांत कोण कोण बोलले आणि कोणाच्या बोलण्यामुळे एखादा निर्णय बदलला, एवढे पाहावे. त्या पानांवर फिरून फिरून तीच चार घराणी दिसत असतील, तर पाटीवरील 'सार्वजनिक' हा शब्द अजून खरा व्हावयाचा आहे असे समजावे, आणि पहिल्या नव्या माणसाच्या शिफारशीवर आपण होऊन सही करावी.