शेवाळाचा हिशेब
(शहापूर-मुरबाड भागातील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



कारखान्याचा धूर हवेत जातो, हवा तापते, पाऊस लहरी होतो. कपाशी-ज्वारीवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे कुणी शिकवायला नको. आता त्यावर उपाय म्हणून शेवाळाचे नाव घेतले जाते. शेवाळ खरेच कार्बन डायऑक्साइड खाते. वाळलेले १ किलो शेवाळ तयार व्हायला सुमारे १.८ किलो वायू लागतो. पण हिशेब पुढे चालवू या.

उघड्या तळ्यात शेवाळ उत्तम पिकले तर १ हेक्टर तळे वर्षाला सुमारे १०० टन वायू खाईल. कोळशावर १ युनिट वीज केली की साधारण १ किलो वायू निघतो. म्हणजे ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला, तर तळ्याची वर्षाची कमाई तो पाव तासाच्या आत हवेत सोडतो. तो संच वर्षभर चालला तर ४० हजार हेक्टरांवर तळी लागतील. ही जमीन कुणाची? आणि पाणी? रोज ५ मिलिमीटर वाफ झाली तरी हेक्टरी ५० हजार लिटर पाणी उडाले. तानसा धरण १८९२ चे, भातसाही शहापुरातच. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट पाहतात.

शिवाय ते शेवाळ कुजले, जाळले किंवा खाल्ले, की वायू पुन्हा हवेत.

मग शेवाळ टाकाऊ का? नाही. भातखाचरातले निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र बांधते, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवले. आवणीनंतर आठवड्याने हेक्टरी १० किलो टाकले, पाणी टिकले, तर २० ते ३० किलो नत्र मिळू शकते. म्हणजे युरियाचे निदान एक पोते वाचले, आणि ते बनवताना जळणारे इंधनही वाचले. ज्वारी-कपाशीच्या रानात पाणी साचत नाही. तिथे हे शेवाळ कामाचे नाही, हेही स्पष्ट सांगतो.

तेव्हा कुणी तळ्याची योजना घेऊन गावात आला, तर तीन प्रश्न विचारा. पाणी कुठले? शेवाळाचे शेवटी काय होणार? कार्बनचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार? उत्तरे कागदावर घ्या, ग्रामसभेत वाचा, मगच अंगठा उठवा. धूर ज्याने केला त्याने आधी तो कमी करावा. त्याचा धूर निस्तरायला आपली जमीन आणि पाणी फुकट नाही.