शरदातले जपान : दोन गावे, दोन धडे
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



जपान म्हटले की टोकियो आणि बुलेट ट्रेन आठवते. आज आम्ही तुम्हाला तिथल्या दोन कमी माहितीच्या गावांना नेणार आहोत, तेही शरद ऋतूत. आपल्या वऱ्हाडात सोयाबीन निघते, कपाशी फुटते, वरूड-मोर्शीची संत्री रंगावर येतात, तेच हे दिवस.

पहिले गाव कोयासान, वाकायामा प्रांतातले. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनाहून रेल्वेने जायचे, मग केबल कारने डोंगर चढायचा. उंची सुमारे ८०० मीटर, आपल्या चिखलदऱ्याहून कमीच. कूकाई या भिक्षूने इ.स. ८१६ च्या सुमारास हे स्थान निवडले. आज तिथे शंभरावर मंदिरे आहेत आणि पन्नासेक मंदिरांत प्रवाशांना मुक्काम मिळतो. जेवण शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. पहाटे वंदना. ऑक्टोबरच्या शेवटी मेपलची पाने लाल होतात. खाली आरिदा भागात टेकड्यांवर संत्र्यांच्या बागा! आपल्या शेतकऱ्याला तर घरीच आल्यासारखे वाटेल.

आणि खरोखर तिथे आपले घरचे माणूस आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला.

सप्टेंबरात तिथे ‘हिगान’चा आठवडा असतो. हिगान म्हणजे पैलतीर. दिवस-रात्र समान होतात त्या दिवशी देशभर सुट्टी. घरची माणसे मिळून पूर्वजांच्या समाध्या धुतात, फुले वाहतात, भात आणि गोड डाळीचे लाडू करतात. गाजावाजा नाही, लाऊडस्पीकर नाही. धम्म असा रोजच्या जगण्यात मुरलेला असतो.

पण मंडळी, नुसते गोडगोड सांगून भागणार नाही. दुसरे गाव नारा प्रांतातले काशिवाबारा, गोसे शहरातले. कातडे कमावणाऱ्या, मेलेली जनावरे ओढणाऱ्या लोकांना जपानातही अस्पृश्य मानत. १८७१ मध्ये कायद्याने हा भेद मोडला, पण मनातून गेला नाही. काही मंदिरांनी तर या लोकांना मेल्यावरही हिणकस धर्मनावे दिली आणि ती दगडावर कोरली. बुद्धाच्या दारातच हे घडले!

याच काशिवाबाराच्या तरुणांनी पुढाकार घेतला. त्यांतला साइको मानकिची हा मंदिरातच जन्मलेला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ‘सुइहेइशा’ म्हणजे समतेची संघटना स्थापन झाली. आपला महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी, १९२७ चा. गावात आज त्या लढ्याचे संग्रहालय आहे.

तेव्हा दोन्ही गावे मिळून आपल्याला काय सांगतात? कोयासान सांगते, धम्म घराघरात उतरवा. काशिवाबारा सांगते, नुसती बुद्धमूर्ती बसवून जात जात नाही. आपल्या अकोल्या-अमरावतीकडेही सोयरीक जुळवताना कोणी हळूच पोटजात विचारतोच ना? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे सोडले, ते लग्नाच्या बैठकीत परत कशाला आणायचे?

यंदा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीहून परतल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून विहार झाडावा आणि मुलामुलींच्या लग्नात पोटजात विचारणार नाही, असे लेकरांसमोर सांगावे. पैलतीर जपानात नाही, आपल्याच उंबरठ्यावर आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!