दंतवैद्याच्या हातांतील यंत्र

धाराशिव जिल्ह्यांतील भूम तालुक्यांत ईट नांवाचें गांव आहे. बालाघाटच्या माळरानाचा हा मुलूख. पावसाचा भरंवसा थोडा, आणि म्हणून शेतीच्या जोडीला दुभतीं जनावरें सांभाळणारा. भूम आणि कुंथलगिरी या बाजूचा खवा प्रसिद्ध आहे. त्याचे पेढे दूरच्या शहरांतील सुशिक्षित घरांतूनहि आवडीनें खाल्ले जातात. गोडाची आवड आणि दांतांची कीड यांचा संबंध सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां खवा आटविणारा खेड्यांतील माणूस आणि पेढा खाणारा शहरांतील माणूस हे दोघेहि केव्हां ना केव्हां दंतवैद्याच्या खुर्चीवर येऊन बसतात, आणि तेथें दोघांच्याहि तोंडांत एकाच जातीचें यंत्र फिरतें.

ईटसारख्या गांवीं एखाद्या दंतवैद्यानें दोन खोल्यांचा दवाखाना थाटला आहे, अशी कल्पना करावी. बाजाराचा दिवस आहे. बाकावर पांच रोगी येऊन बसले आहेत. डॉक्टरांपाशीं दांत कोरण्याचीं यंत्रें दोनच आहेत. पहिल्या रोग्याचें काम अर्ध्या तासांत झालें. त्याचें यंत्र वाफेच्या पेटींत गेलें. दुसऱ्याचेंहि काम आटोपलें. त्याचें यंत्र आतां मदतनीस बाईंच्या हातांत आहे. तिसरी रोगी, एक वयस्क बाई, पदर सांवरीत उठत आहे. पेटीचा वेळ पुरा होण्यास अद्याप पाव तास आहे. हातांतील यंत्रावर स्पिरिटचा बोळा फिरविला तर काम या क्षणीं सुरू होऊं शकतें. न फिरविला तर सर्वांनाच खोळंबावें लागतें. या पाव तासाचें काय करावयाचें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचा निर्णय करण्यापूर्वीं तें यंत्र आंतून कसें असतें, हें पाहणें अवश्य आहे.

या यंत्रास सर्व दवाखान्यांत हॅन्डपीस म्हणतात. दांत कोरण्याचें काम वस्तुतः त्याच्या टोकाशीं बसविलेली बारीक दातेरी अणी करते. तिला बर हें नांव आहे. ती घट्ट धरणें आणि वेगानें फिरविणें एवढेंच हॅन्डपीसचें कार्य. कल्पना फार प्राचीन आहे. बलुचिस्तानांत मेहरगढ येथें उत्खननांत सांपडलेल्या कांहीं दाढांना गारगोटीच्या अणीनें पाडलेलीं भोकें आहेत. तीं सात हजार वर्षांहून अधिक जुनीं असून, सुतार ज्याप्रमाणें दोरीनें सामता फिरवितो त्याप्रमाणें अणी फिरवून तीं पाडलीं असावींत, असें संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलें.

अर्वाचीन काळीं, १८७१ मध्यें, अमेरिकेंत जेम्स मॉरिसन यांनीं पायानें चालविण्याचें यंत्र काढलें. शिवणाच्या यंत्राप्रमाणें पायटा हालवावयाचा आणि त्याची गति दोरीनें अणीपर्यंत न्यावयाची, अशी त्याची रचना होती. पुढें पायाची जागा विजेनें घेतली. तथापि दोरी व चाकें तशींच राहिलीं, आणि त्यांचा खडखडाट व हादरा रोग्याच्या कवटीपर्यंत पोंचत असे. खरी क्रांति हवेनें केली. न्यूझीलंडमध्यें जॉन वॉल्श यांनीं १९४९ च्या सुमारास दाबलेल्या हवेच्या झोतावर फिरणारें यंत्र पुढें मांडलें, आणि १९५७ सालीं अमेरिकेंतील जॉन बॉर्डन यांचें एअरोटर नांवाचें यंत्र बाजारांत आलें. तें मिनिटास सुमारें तीन लक्ष फेरे घेई. तें मूळ यंत्र मागें पडलें. परंतु त्याचें नांव आपल्याकडील दंतवैद्यांच्या तोंडीं असें बसलें कीं, हवेवर चालणाऱ्या कोणत्याहि हॅन्डपीसला ते आजहि एअरोटरच म्हणतात.

आजच्या दवाखान्यांत मदतनिसास मुख्यतः तीन जातींचे हॅन्डपीस हाताळावे लागतात. पहिला हा एअरोटर. जत्रेंतील कागदी भिंगरी फुंकरीनें फिरते, तशी याच्या डोक्यांतील इवलीशी चक्री हवेच्या झोतानें फिरते. वेग तीन ते चार लक्ष फेऱ्यांचा; पण बळ भिंगरीइतकेंच, म्हणजे जोरानें दाबतांच ती मंदावते. शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ म्हणजे दांतांचें बाह्य कवच. तें कापण्यास, जुनें भरण काढण्यास किंवा टोपी बसविण्यापूर्वीं दांत घडविण्यास हाच उपयोगी पडतो. एवढ्या वेगानें घर्षण होतांच उष्णता उत्पन्न होते व ती दांताच्या आंतील जिवंत गाभ्यास मारक ठरते. म्हणून याच्या तोंडाशींच पाण्याच्या तुषारांचीं सूक्ष्म छिद्रें ठेविलेलीं असतात. याची अणी गुळगुळीत दांड्याची व १.६ मिलिमीटर जाडीची असते.

दुसरी जात मंदगति हॅन्डपीसची. हा बहुधा मायक्रोमोटर नांवाच्या लहान विद्युत्‌यंत्रावर बसवितात. त्या यंत्राचा वेग सामान्यतः चाळीस हजार फेऱ्यांपर्यंत असतो. वेग कमी, पण बळ अधिक, व हाताला कामाचा स्पर्श चांगला कळतो. मऊ झालेली कीड खरवडून काढणें, भरण गुळगुळीत करणें, दांतांस झिलई देणें, हीं कामें याचीं. तोंडांत वापरावयाचा तो मानेशीं वांकडा, त्यास कॉन्ट्रा-अँगल म्हणतात; कवळी घासावयाची असल्यास सरळ दांड्याचा वापरतात. या दोहोंच्या अण्यांचा दांडा २.३५ मिलिमीटर जाड असतो, म्हणून एअरोटरची अणी येथें चालत नाहीं व येथील तेथें चालत नाहीं. विजेवर चालणाऱ्या कांहीं हॅन्डपीसांच्या आंत दंतचक्रें असतात. त्यांच्या दांड्यावरील रंगीत कडें पाहून ओळख पटते: निळें कडें म्हणजे यंत्राचा वेग जसाच्या तसा, तांबडें म्हणजे वाढविलेला, आणि हिरवें म्हणजे घटविलेला. तांबड्या कड्याचा हॅन्डपीस चाळीस हजारांचे दोन लक्ष करतो.

तिसरी जात शस्त्रक्रियेची. अक्कलदाढ हाडांत अडकली असतां हिरडी उघडून हाड कोरावें लागतें. साध्या एअरोटरचा वारा अशा वेळीं पुढील बाजूस सुटला तर तो त्वचेखालीं शिरून चेहरा एकाएकीं सुजतो, आणि प्रसंगीं हा वारा मानेपर्यंत व छातीपर्यंत उतरतो. म्हणून या कामास विजेवर चालणारा, अथवा हवा मागील बाजूनें सोडणारा हॅन्डपीसच घ्यावा लागतो, आणि त्यास निर्जंतुक मिठाच्या पाण्याचा पुरवठा करावा लागतो. योग्य वेळीं योग्य यंत्र डॉक्टरांच्या हातीं देणें हें मदतनिसाचें पहिलें कर्तव्य यावरून ध्यानांत येईल.

आतां पुन्हां त्या स्पिरिटच्या बोळ्याकडे वळावें. हॅन्डपीस बाहेरून चकचकीत व भरीव दिसतो. परंतु आंतून तो पोकळ आहे. त्यांत हवेच्या व पाण्याच्या नळ्या आहेत, चक्री आहे, आणि चक्रीच्या दोन्ही अंगांस बारीक छर्‍यांचीं कडीं आहेत. पायाखालील कळ सोडतांच हवा थांबते, पण चक्री क्षणभर आपल्याच वेगानें फिरत राहते, आणि त्या क्षणीं ती तोंडांतील लाळ, रक्त व दांताचा चुरा आंत ओढून घेते. पुढील रोग्याच्या तोंडांत कळ दाबली कीं तेंच आंतील द्रव्य बाहेर उडूं शकतें. बोळा जेथें पोंचतो तेथें हें द्रव्य नसतें, आणि जेथें तें असतें तेथें बोळा पोंचत नाहीं. काविळीचा एक दुर्धर प्रकार रक्तावाटे पसरतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या साध्या वाक्याचा अर्थ स्पष्ट होतो. प्रयोगांतून ही गोष्ट उघड झाल्यावर, प्रत्येक रोग्यानंतर हॅन्डपीस उष्णतेनेंच निर्जंतुक करावा, असें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें १९९३ सालीं बजाविलें. आज ही सर्वमान्य रीति आहे.

तिचा क्रम असा. रोग्याचें काम संपतांच, अणी जागेवरच असतां, हॅन्डपीसमधून वीस ते तीस सेकंद हवा व पाणी सोडावें, म्हणजे आंत गेलेला मळ बराचसा बाहेर पडतो. मग हातमोजे न काढतां अणी काळजीपूर्वक उपसावी. कारण याच वेळीं ती बोटांत शिरण्याचा संभव असतो. बाहेरील अंग पुसून स्वच्छ करावें. हॅन्डपीस औषधी पाण्यांत बुडवून ठेवूं नये. त्यानें छर्‍यांचीं कडीं गंजतात. मग, हॅन्डपीस तेलावर चालणारा असल्यास, हवेच्या छिद्रांतून ठरविलेलें तेल सोडावें व थोडा वेळ फिरवून अधिक झालेलें तेल बाहेर काढावें. तेल कमी पडलें तर यंत्र झिजतें. अधिक राहिलें तर तें वाफेंत भाजून चिकट होतें. शेवटीं हॅन्डपीस कागदी वेष्टणांत बंद करून ऑटोक्लेव्ह नांवाच्या वाफेच्या पेटींत ठेवावा.

ही पेटी म्हणजे स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरची शास्त्रीय बहीण. दाबाखालीं वाफेची उष्णता १२१ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते, व त्या उष्णतेंत वेष्टणाप्रमाणें पंधरा ते तीस मिनिटें वस्तु ठेवावी लागते. १३४ अंशांवर तीन-चार मिनिटेंच पुरतात. मात्र अरुंद नळ्यांत हवा कोंडून राहिली तर तेथें वाफ शिरत नाहीं. म्हणून आंतील हवा आधीं शोषून घेणारी पेटी हॅन्डपीसला अधिक योग्य. वेष्टणावरील पट्टीचा रंग पालटला म्हणजे वस्तु तापली एवढेंच कळतें. जंतु खरोखर मेले कीं नाहींत हें पाहण्यास जंतुबीजांची चांचणी ठराविक मुदतीनें घ्यावी लागते. बाहेर काढलेला हॅन्डपीस आपोआप निवूं द्यावा, गार पाण्याखालीं धरूं नये.

ईटसारख्या ठिकाणीं यांत आणखी तीन अडचणी पडतात. विंधनविहिरीचें पाणी जड असतें; त्यांतील क्षार तुषारांचीं छिद्रें बुजवितात, आणि मग यंत्र कोरडेंच कापूं लागतें. म्हणून बाटलींत ऊर्ध्वपातित पाणी भरावें व छिद्रें बारीक तारेनें साफ करावींत. हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकींत पाणी साचतें; तें दररोज सोडून न दिल्यास ओली हवा हॅन्डपीसमध्यें जाऊन त्याचें आयुष्य घटविते. आणि पेटी चालू असतां वीज गेली, तर झालेला वेळ जमेस धरूं नये. वीज आल्यावर आरंभापासून पुन्हां सर्व क्रम करावा. येथें पाहणारा कोणी नसतो. मदतनिसाचा प्रामाणिकपणा हाच पाहणारा.

बिघाडाचीं लक्षणेंहि प्रथम त्याच्याच कानीं पडतात. नेहमींची शीळ बदलून घरघर येऊं लागली, अणी थरथरूं लागली, किंवा डोकें तापूं लागलें, तर हॅन्डपीस तत्काळ बाजूस ठेवावा. निगा न राखलेल्या विजेच्या हॅन्डपीसचें डोकें इतकें तापूं शकतें कीं, बधिर केलेला गाल भाजला तरी रोग्यास तें कळत नाहीं. अणी सोडविण्याची कळ यंत्र फिरतांना गालावर दाबली जाऊं नये, ही दक्षताहि याच कारणास्तव घ्यावयाची.

एवढी जबाबदारी ज्याच्यावर, त्याची गणना मात्र फारशी कोणी केली नाहीं. मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं निघालें, आणि दंतवैद्यांच्या शिक्षणास रीतसर वळण मिळालें. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानें दंतवैद्य, दांत साफ करणारे आणि कवळ्या घडविणारे कारागीर यांच्या नोंदणीची तरतूद केली. खुर्चीशेजारीं उभ्या राहणाऱ्या मदतनिसाचा त्यांत वर्ग नव्हता. पुष्कळ मदतनीस पाहून पाहूनच काम शिकतात. त्यांना नुसता क्रम सांगून भागत नाहीं. क्रमामागील कारण सांगावें लागतें. कारण समजलेला माणूस घाईच्या वेळींहि क्रम सोडीत नाहीं.

घाई मुळांत उत्पन्न होऊं न देणें हें डॉक्टरांचें काम. तें साध्या हिशेबाचें आहे. एका रोग्यास अर्धा तास लागतो, आणि हॅन्डपीस धुऊन, तेल देऊन, वाफवून, निववून परत येण्यास पाऊण तास. म्हणजे एका हॅन्डपीसची फेरी सव्वा तासाची झाली. तेवढ्यांत अडीच रोगी होतात. दोन हॅन्डपीसांवर खोळंबा ठरलेला, तीन असल्यास काम चालतें, आणि एखादा बिघडेल हें धरून चार असावेत. दवाखान्याच्या दारावरील पाटीपेक्षां हा चौथा हॅन्डपीस रोग्याच्या अधिक हिताचा आहे. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींहि खुर्चीवर बसतांना दवाखान्याची सजावट पाहण्याऐवजीं हॅन्डपीस आपल्यासमोर बंद वेष्टणांतून काढला जातो कीं नाहीं, तेवढें पाहावें. आणि न काढल्यास सौम्य शब्दांत विचारावें. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाहीं.

तोंपर्यंत ईटच्या त्या दवाखान्यांत दोनच हॅन्डपीस आहेत आणि पाव तास शिल्लक आहे. डॉक्टरांनीं हात पुढें केला आहे. मदतनीस बाईंनीं हातांतील हॅन्डपीस त्यांच्या हातीं न देतां धुण्याच्या तबकांत ठेविला, आणि खुर्चीकडे निघालेल्या त्या वयस्क बाईंना म्हटलें, "मावशी, जरा बसा. तुमचं यंत्र अजून वाफेंत आहे." डॉक्टरांनीं हात मागें घेतला. हा पाव तास ज्या दवाखान्यांत मदतनिसाला निर्भयपणें मागतां येतो, त्या दवाखान्यांत रोग्यानें निर्धास्तपणें तोंड उघडावें.